चांद्याला दोन दिवस

दोन दिवसांची सुटी हाती आली की आपल्याकडे सहलीचा बेत ठरलेल्या पद्धतीने होतो. जवळपासची सगळी नावाजलेली ठिकाणे आठवायची आणि ती दोन दिवसांत कशी कोंबता येतील याचा हिशेब मांडायचा. आरमोरीतून निघणाऱ्या गाडीचा बेत साधारण असा असतो: शनिवारी पहाटे निघून मार्कंडा, तिथून चंद्रपूरची महाकाली, संध्याकाळ व्हायच्या आत बल्लारपूरचा किल्ला, रविवारी सकाळी भद्रावती, जमले तर ताडोबाच्या फाटकापर्यंत एक चक्कर आणि रात्री घरी. कागदावर हा बेत भरगच्च दिसतो. पण त्यातले किलोमीटर मोजले तर साडेतीनशे-चारशेच्या घरात जातात. आपल्या रस्त्यांवर, जेवण-चहाचे थांबे धरून, एवढ्याला दहा-बारा तास सहज लागतात. दोन दिवसांतले झोपेचे तास वजा केले तर निम्मी सहल गाडीच्या सीटवर होते आणि उरलेली निम्मी चप्पल काढण्यात, घालण्यात आणि मागे राहिलेल्या माणसाला हाका मारण्यात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वेळ जितका कमी, तितकी ठिकाणेही कमी असावीत. दोनच दिवस असतील तर ठिकाण एकच असावे, आणि आरमोरी-वडसा-ब्रह्मपुरीच्या माणसासाठी ते ठिकाण चंद्रपूर असावे. ताडोबाला जाता-येता लागणारे चंद्रपूर मला म्हणायचे नाही. परकोटाच्या आतला जुना चांदा म्हणायचा आहे.

असा बेत जगात नवा नाही. भूमध्य समुद्राच्या काठावरची जुनी शहरे दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी एवढी लोकप्रिय का झाली याचा विचार केला तर समुद्र आणि ऊन ही कारणे पुरत नाहीत, कारण समुद्र आणि ऊन त्या किनाऱ्यावर सगळीकडेच आहे. क्रोएशियातले दुब्रोवनिक किंवा माल्टातले व्हॅलेटा यांना तटबंदी आहे. तटबंदीमुळे शहर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहुण्याला पहिल्या तासातच कळते. दुब्रोवनिकची तटबंदी सुमारे १९४० मीटर लांब आहे. तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते, त्यासाठी चांगले घसघशीत तिकीट लागते, आणि लोक ते काढतात. फेरी संपेपर्यंत बंदर कुठे, बाजार कुठे, देवळे कुठे, पाणी कुठून येते हे सगळे डोक्यात बसलेले असते. मग उरलेला दीड दिवस माणूस त्या गल्ल्यांत हिंडतो. गर्दीमुळे या शहरांचे हालही झाले. दुब्रोवनिकला बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, आणि व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. राग होता तो सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर. मुक्कामाला राहणाऱ्याला हे शुल्क नाही. धावत्या पाहुण्याच्या हाती काही लागत नाही आणि शहराच्या पदरातही काही पडत नाही, हे तिथे पैशात मोजून झाले आहे.

आता चंद्रपूरकडे पाहू. इथला परकोट वेगवेगळ्या नोंदींत ९ ते ११ किलोमीटरचा सांगितला जातो. आकडा कुठलाही धरला तरी दुब्रोवनिकच्या तटबंदीच्या जवळजवळ पाच-सहा पट. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहने बल्लारपूर सोडून इथे गाव वसवले आणि परकोटाचा पाया घातला, असे परंपरा सांगते. काम पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि धुंड्या रामशाहच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, पुरे झाले. त्याला चार मोठे दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला इरई नदीकडे बिनबा आणि पूर्वेला झरपट नदीकडे अंचलेश्वर. दरवाज्यांखेरीज खिडक्या, म्हणजे माणूस आणि गुरे जातील एवढीच लहान दारे. हनुमान, विठोबा, बगड, मसाण आणि चोर ही त्यांची नावे. वसण्याची कथाही मोठी गमतीची आहे. राजाच्या अंगावर खांडके उठली होती. शिकारीच्या वेळी तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्याला, आणि त्या पाण्याने त्याचे दुखणे गेले. पुढे त्याच परिसरात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. कुत्र्यामागे ससा, असे उलटे. ज्या वाटेने ते फिरले त्या वाटेवर राणीच्या सांगण्यावरून तट बांधला गेला. कथेतला ससा खरा असो वा नसो, तट कुठून कुठे गेला याची आठवण लोकांनी एका फेरीच्या रूपात जपली आहे, आणि चांदा पाहायचा क्रमही तोच असायला हवा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याच घरातून येतो: चांदा काय पाहायचा, आम्ही शंभरदा गेलो आहोत. हे खरेच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आरमोरी चंद्रपूर जिल्ह्यातच होती. जमिनीचा दावा, कचेरीतली नक्कल, कोर्टाची तारीख, मोठे दुखणे, मुलीच्या लग्नाचा बस्ता, सगळ्याला चांदा. आजही दवाखाना आणि खरेदी यांसाठी लोक जातातच. पण कामासाठी गेलेला माणूस शहराचा एकच धागा पाहतो: स्टँड, कचेरी, खाणावळ, स्टँड. जटपुरा दरवाज्याखालून तो पन्नासदा गेलेला असतो आणि मान वर करून त्याने एकदाही पाहिलेले नसते, कारण समोर ऑटो आणि मागे ट्रकचा हॉर्न. मान वर केली तर कमानीच्या बाजूला दगडात कोरलेले एक जनावर दिसते. धड सिंहाचे, आवेश झेप घेतल्याचा, आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. हत्ती सिंहापेक्षा लहान कोरलेला आहे, खेळण्याएवढा. हे चांद्याच्या गोंड राजांचे राजचिन्ह. चंद्रपूरला शंभरदा गेलेल्या दहा जणांना हे चिन्ह कुठल्या दरवाज्यावर कोणत्या बाजूला आहे असे विचारा. उत्तर आले नाही तर चांदा अजून पाहायचा राहिला आहे असे समजायला हरकत नाही.

बेत आखताना पहिला निर्णय महिन्याचा. मार्च संपल्यानंतर चंद्रपूर पाहायला जाणे हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव दरवर्षी झळकते. दगडी तट दिवसभराचे ऊन पिऊन रात्री ते परत देतो. जुलै-ऑगस्टमध्ये इरईला पूर आला की पठाणपुरा दरवाज्याबाहेर पाणी चढते, आणि तटाच्या कडेची झुडपे माणसाच्या उंचीची होतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्याआधी ऑक्टोबरच्या मध्यावर जायचे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, आणि दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर मोठा समुदाय जमतो. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, तिला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविक लोटतात. हे दोन्ही प्रसंग पाहण्यासारखे आहेत, पण त्यांच्यासाठीच जायचे असेल तर. शांतपणे शहर पाहायचे आणि लॉजवर खोलीही मिळावी असे वाटत असेल तर या तारखा टाळाव्यात.

दुसरा निर्णय वाहनाचा. आरमोरीतून एसटीने गडचिरोली-मूलमार्गे जाता येते. सव्वाशेच्या आतले अंतर, तीन-साडेतीन तास. महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आजी, आई आणि दोन मुली अशा कुटुंबाचा प्रवासखर्च नगण्य होतो. दुसरा मार्ग वडशाहून रेल्वेने. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरची गाडी ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असे करत जाते आणि चंद्रपूरच्या मुख्य स्टेशनावर न जाता चांदा फोर्टला उतरवते. एकेकाळी हा मार्ग नॅरोगेज होता. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ जातानाच पाहून ठेवावी. माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे. नागभीडच्या पुढे रूळ जंगलाला लागून जातात, आणि भातखाचरे, बोड्या, मग सागाचे रान असा आपलाच मुलूख खिडकीतून सलग दिसतो. रस्त्याने तो तुकड्यातुकड्यांत दिसतो. स्वतःची चारचाकी मात्र शक्यतो नेऊ नये. परकोटाच्या आत गाडी लावायला जागा मिळवणे हेच एक काम होऊन बसते. मुक्काम जटपुऱ्याच्या आसपास घेतला तर स्टँड, बाजार आणि दरवाजा सगळे पायी होते.

आता फेरीबद्दल, कारण सहलीचा गाभा तोच. तट सलग चालत जाता येत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कुठे घरे टेकली आहेत, कुठे बुरूज ढासळला आहे, कुठे रस्त्यासाठी वाट पाडली आहे. म्हणून फेरी दोन सकाळींत वाटावी. पहिल्या सकाळी उजाडताच जटपुऱ्यापासून पूर्वेकडे. तट रामाळा तलावाला लागतो. शहराच्या मधोमध असे मोठे पाणी राजांनी राखले, आणि आज त्याच पाण्यात सांडपाणी आणि जलपर्णी. या तलावासाठी २०२१ मध्ये बगड खिडकीजवळ उपोषण झाले आणि नंतर खोलीकरणाला गती आली. तलावाच्या काठी उभे राहिले की परकोटाचे शहाणपण कळते. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दक्षिणेला दोघींचा संगम आणि आत तलाव. वेढा पडला तरी पाणी तुटू नये अशी ही मांडणी. अर्थात पाण्याने किल्ला वाचतोच असे नाही. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या इंग्रज फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडले, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला आणि चांदा इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या सत्तरएक वर्षे आधीच गोंडांचे राज्य नागपूरच्या भोसल्यांनी घेतले होते.

अंचलेश्वर दरवाज्याशी घाई करू नये. झरपटीच्या काठचे अंचलेश्वराचे देऊळ, त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या, आणि नदीपलीकडे थोड्या अंतरावर महाकाली, असा सगळा मिळून एकच परिसर आहे, आणि त्याच्यावर राणी हिराईची छाप आहे. तिचा नवरा राजा बीरशाह सतराव्या-अठराव्या शतकांच्या सांध्यावर मारला गेला. त्यानंतर दत्तक मुलाच्या नावाने तिने कारभार पाहिला, नवऱ्याची घुमटाची समाधी बांधली आणि महाकालीचे देऊळ उभारले. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी आपल्या जिल्ह्याशेजारी आहे आणि आत गेले तर बहुतेक वेळा आपल्याशिवाय तिथे कोणी नसते. समाध्यांच्या आवारात सगळ्यात मोठी तिने बांधलेली हीच वास्तू आहे. बाकीच्या लहान, काही नुसते चौथरे. दगडी जाळी, घुमटाखालचा गारवा आणि बाहेर झरपटीवरून येणारा शहराचा वास, तिन्ही एकाच वेळी जाणवतात. वासाबद्दल उगाच सोवळे ठेवू नये. महाकालीला नारळ फोडून पुढे पळणारी गाडी हे आवार चुकवते, कारण यादीत 'महाकाली' लिहिलेले असते, 'समाध्या' नसते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: चंद्रपूर घाणेरडे आहे. कोळशाची धूळ, २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राचा धूर, तटाशी टाकलेला कचरा. सुंदर गाव सोडून असल्या गावात सुटी कशाला घालवायची? धूळ आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. दम्याच्या माणसाने विचार करूनच जावे. पण कचऱ्याच्या बाबतीत गोष्ट पुढे सरकली आहे. २०१७ मध्ये इको-प्रो या इथल्याच संस्थेच्या तरुणांनी, बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने, पहाटे फावडी-टोपली घेऊन तट आणि बुरूज साफ करायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांची झुडपे, मुळे, मलबा हटला, शेकडो दिवस काम चालले आणि पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. आज बुरुजांवर चढता येते ते या कामामुळे. आणखी एक गोष्ट. स्वच्छ, रंगवलेली, तिकीट लावलेली तटबंदी पाहताना माणूस ती कोणाच्या तरी ताब्यातली वस्तू म्हणून पाहतो. चांद्याचा तट लोकांच्या अंगणात आहे. त्यावर कपडे वाळतात, पोरे त्यावरून पतंग उडवतात. हे सारे भल्यासाठीच आहे असे नाही. पुरातत्त्व खात्याने संरक्षित ठरवलेल्या वास्तूला घरे टेकणे हे वास्तूच्या मुळावर येते. पण पाहुण्याला इथे चारशे वर्षांच्या भिंतीसोबत आज कसे राहतात हे दिसते, आणि ते दुब्रोवनिकच्या तिकिटात येत नाही, कारण तिथल्या तटाच्या आतले बरेच मूळ रहिवासी पर्यटकांना घरे भाड्याने देऊन केव्हाच बाहेर पडले.

तिसरा आक्षेप ताडोबाचा. चंद्रपूरला जाऊन वाघ न पाहता यायचे म्हणजे लोकांना काय सांगायचे? याचे उत्तर हिशेबात आहे. सफारी सकाळची असो वा दुपारची, फेरी आणि ये-जा धरून ती अर्धा दिवस घेते. पहाटेची घेतली तर आदली रात्र लवकर झोपण्यात जाते आणि नंतरची दुपार डुलक्या काढण्यात. आरक्षण आधी करावे लागते, गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, आणि एवढे करून वाघ दिसेलच असे नाही. ताडोबा हवे असेल तर ताडोबासाठीच दोन दिवस काढावेत आणि जंगलात राहावे. शिवाय आरमोरीच्या माणसाला वाघाचे अप्रूप किती, हाही प्रश्न आहेच. वडसा आणि आरमोरीच्या रानात गेल्या काही वर्षांत वाघाने किती घरांत सुतक आणले हे ज्याला माहीत आहे, त्याला जिप्सीतून वाघ पाहायची घाई नसते.

दुसरी सकाळ तटाच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूची: बिनबा, मग पठाणपुरा. या दरवाज्यांवर वर्दळ कमी, म्हणून कोरीव काम निवांत पाहता येते. मधल्या वेळेत आणखी दोन जागा. एक म्हणजे कारागृह. गोंड राजांच्या किल्ल्यातल्या या तुरुंगाच्या आवारात पिंपळाच्या झाडाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिले. मोलमपल्लीचा हा तरुण जमीनदार गडचिरोलीच्या रानात इंग्रजांशी लढला, म्हणजे ही जागा जितकी चंद्रपूरची तितकीच आपली. एरवी आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहावे. दुसरी जागा परकोटाबाहेर लालपेठेकडची. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने अंचलेश्वरापेक्षा मोठे शिवालय बांधायचे मनात धरले, मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभे राहण्याआधीच तो गेला. मूर्ती तशाच उघड्यावर पडल्या. त्यांतली दशमुखी दुर्गा पंचवीसेक फूट लांब आहे आणि जमिनीवर आडवी आहे, त्यामुळे तिच्या भोवती चालत जाऊन एकेक मुख पाहावे लागते. शेजारी नंदी, गणपती, मत्स्य, कूर्म. कोणाला हे भग्न वाटेल. मला ते चंद्रपुरातले सर्वांत विलक्षण दृश्य वाटते.

गैरसोयींचे काय, हा आक्षेप बहुधा बायका घेतात आणि तो रास्त आहे. तटाच्या वाटेवर स्वच्छतागृह नाही, पाट्या अपुऱ्या, वाटाड्या हवा असेल तर तो आधी विचारून ठरवावा लागतो. म्हणून फेरी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत करावी आणि मध्ये लॉजवर परतावे. मुक्काम जटपुऱ्याशी घ्यायचा तो यासाठीच. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांनी तटावर चढायचा हट्ट धरू नये; ऑटोने चारही दरवाजे, समाध्या आणि महाकाली एका सकाळीत होतात. लहान मुलांना बुरुजांच्या कडेला सोडू नये, कठडे सगळीकडे नाहीत. पाणी सोबत ठेवावे, तर्री-पोहे सकाळी खाऊन निघावे, दुपारी बारा ते तीन खोलीत काढावे.

सहलीला निघण्याआधी एक अर्धा दिवस मात्र घरच्याच वाटेवर खर्च करावा: वैरागड. आरमोरीजवळचा हा किल्ला चांद्याच्या गोंड राजांच्याच मुलखातला, आणि इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारी अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केली आहे. खंदक, पडका तट, टेकडीवरचे भंडारेश्वराचे देऊळ हे पाहून मग चांद्याला गेले की राजधानी आणि सीमेवरचे ठाणे यांतला फरक डोळ्यांना कळतो. बल्लारपूर, भद्रावती यांना स्वतंत्र दिवस द्यावा. मार्कंड्याचे काम त्याहून सोपे आहे. आरमोरीहून पहाटे निघून दिवसभर वैनगंगेच्या काठी राहून रात्री घरी जेवता येते.